‘ळ’ अडखळला तेव्हा

वडवणीत टी.व्ही. दुरुस्तीचे दुकान चालवणारे सोमेश्वर गुरुजी यांच्याविषयी मी हे लिहीत आहे. ‘गुरुजी’ हे पद आम्ही त्यांना दिले. संध्याकाळी दुकान आवरले की तेथेच प्रौढांचा वर्ग भरतो व मी त्या वर्गाचा विद्यार्थी आहे.

फळ्यावर लिहिताना शिकवणाऱ्याची पाठ अक्षराच्या आड येते. म्हणून गुरुजींनी टी.व्ही.ला जोडायचा आपला जुना घरगुती संगणक कामी लावला. पडद्यावर अक्षर आपोआप उमटे आणि हात कोठे वळवावा ते सर्वांना दिसे. पुढे तो संगणक जळाला. गुरुजींनी बीडच्या भंगारातून त्याच जातीचा, थोडा नंतरच्या काळातला दुसरा आणला. त्यावर मात्र रेघ अडखळू लागली.

त्या संध्याकाळी वर्गात मंजुळाबाई होत्या; त्यांची टोळी दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीला निघणार होती. जाण्यापूर्वी पत्र्याच्या पेटीवर आपले नाव आपल्याच हाताने लिहायचे, असा त्यांचा निश्चय होता. ‘ळ’ तेवढा राहिला होता.

पडद्यावरचा ‘ळ’ पहिल्या वळणाशी थांबला आणि एकदम पुढे उडाला.

“कावून असं करतंय हे? मधी कुठं गेलतं, दिसलंच न्हाई,” मंजुळाबाई म्हणाल्या.

“भाकर खायला गेलतं,” शेजारचे निवृत्तीराव म्हणाले.

“मावशी, जरा थांबा,” गुरुजी म्हणाले.

“मी थांबते रे. मुकादम थांबतोय व्हय?”

गुरुजींचे बालपण उसाच्या फडात गेले. ट्रॉली निघाली की मागे फिरणे नाही, म्हणून सारा संसार आधीच ओळीने लावून घ्यायचा, ही त्यांची सवय. अक्षर काढण्यासाठी संगणकाला द्यायच्या आज्ञाही त्यांनी तशाच, त्याला मागे फिरावे लागू नये अशा लिहिल्या होत्या: त्याच त्या, पुन्हा पुन्हा, एकीखाली एक. जुन्या संगणकाला ते मानवले. या संगणकाच्या प्रोसेसरमध्ये मात्र कॅश नावाची छोटी साठवण आहे. नुकत्याच वापरलेल्या आज्ञा तीत राहतात व लगेच मिळतात. गुरुजींची लांब रांग तीत मावेना. शेवटच्या आज्ञा आत शिरताना पहिल्या बाहेर पडत, आणि प्रत्येक वेळी सगळ्याच आज्ञा मेमरीतून आणाव्या लागत. मेमरी मुळात मंद, त्यातच पडद्यावरचे चित्रही तिच्यातूनच पुरवायचे.

हे ध्यानात येताच गुरुजींनी कपाळावर हात मारला. “चूक माझी हाय, मावशी. ह्याची जागा एवढुशी, अन् मी समदा संसार कोंबलाय.”

“मंग उतरव की!”

त्यांनी लांब रांग पुसली. आज्ञांचा एकच लहान संच ठेवला व तोच पुन्हा पुन्हा चालवला. ‘ळ’ असा धावला की निवृत्तीराव म्हणाले, “आता धरा त्याला!” गुरुजींनी त्याची गती हाताच्या गतीएवढी केली. मंजुळाबाई हवेत बोट फिरवत राहिल्या.

सकाळी ट्रॅक्टर सुरू झालेला असताना त्यांनी पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव लिहिले. ‘ळ’चा दुसरा गोल मोठा झाला. गुरुजी रंगाचा डबा धरून उभे होते. त्यांचा हात पुढे झाला.

“ऱ्हाऊ दे. माझा हाय त्यो.”

पेटी सर्व सामानाच्या वर ठेवण्यात आली. “वल्ली हाय, कुणी टेकू नका!” असे मंजुळाबाई सगळ्यांना बजावत होत्या.