चावत नाही, गाळतो

चहाची गाळणी उघड्या तोंडासमोर धरायची, डोळे वटारायचे आणि म्हणायचं, "असा!" पंचवटीतल्या आमच्या गल्लीत तुम्ही कधी चहा प्यायला असाल, तर भाऊंनी तुम्हालाही हे दाखवलं असणार. चहा गार झाला तरी यांचा शार्क काही संपायचा नाही.

भाऊ एकलहऱ्याला वीज केंद्रात फिटर होते. निवृत्तीनंतर गणपतीचे हलते देखावे करायला लागले. गाड्यांच्या वायपरच्या मोटरी जोडून त्यांनी राक्षस हसवले, गरुड उडवले. माइकवर निवेदन वाचायचं काम माझं. एका वर्षी मोबाइलवर त्यांना खोल समुद्रातला मोठ्या तोंडाचा शार्क दिसला आणि माणूस झपाटलाच. "ताई, एवढं धूड, पण चावत नाही हो, गाळतो! तोंड उघडून फिरतो, बारीक कोळंबी गाळून खातो."

मंडळाच्या अध्यक्षाला सामाजिक संदेश हवा होता. 'शार्क वाचवा' असा फलक ठरला. निवेदनासाठी मी माहिती काढली, तर धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत याच्यापुढे शेरा, 'फारशी चिंता नाही'!

"मग वाचवायचा कशाला? काय राव!" अध्यक्ष म्हणाला. "त्यापेक्षा दात लावा, रक्त दाखवा. पब्लिक येईल."

भाऊ भडकले. "वर्षानुवर्षं दिसत नाही, दिसला तर जाळ्यात अडकलेला. आणि म्हणे चिंता नाही! बघितलंय कुणी आत जाऊन?" दात लावले नाहीत ते नाहीतच. कागदाच्या लगद्याचा तो शार्क दहा दिवस नुसता जबडा उघडत-मिटत राहिला. पोरं खूश होती.

पुढे माझ्या लक्षात आलं, गाळणी धरली तरी भाऊंचं तोंड पूर्वीसारखं उघडत नव्हतं. जेमतेम दोन बोटं जातील एवढंच. तिखट झोंबायचं, भाकरी दुधात कुस्करून खायचे. आणि खिशात गुटख्याची पुडी होतीच मेली!

"भाऊ, आधी ती फेका आणि डॉक्टरांना दाखवा," मी ओरडले.

ते हसले. "ताई, आपला शेरा काय? फारशी चिंता नाही."

"बघितलंय कुणी आत?" माझा आवाज इतका चढला की त्यांची बायको बाहेर आली. भाऊंनी पुडी खिशात आणखी खोल सारली. डॉक्टरांकडे काही गेले नाहीत.

गेले तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टर "आ करा" म्हणाले आणि त्यांना आ करता येईना. शेवटी वहिनी त्याच गाळणीतून पेज गाळून चमच्याने पाजायच्या. मला ते बघवत नसे, तरी रोज जायचे.

यंदा मंडळाने तोच शार्क बाहेर काढला. भाऊ नाहीत म्हटल्यावर अध्यक्षाने हौस भागवली, पुठ्ठ्याचे हे एवढाले दात चिकटवले. मी माइक खाली ठेवला, पदर खोचला, स्टेजवर चढले आणि एकेक दात उपटायला लागले.

"अहो ताई, काय करताय?"

"चावत नाही तो," मी म्हटलं. पुढचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. मोटर चालूच होती. माझ्यासमोर तो जबडा सावकाश, पूर्ण उघडला.