मरळींशी दावा

ब्राह्मणपुरीच्या धुडकू भोयाच्या हातचा मार बायकोने खाल्ला, बैलांनी खाल्ला, पण खरा खाल्ला तो तळ्यातल्या मरळ माशांनी. गावतळ्याची राखण मच्छीमार सोसायटीने त्याच्याकडे दिलेली. दोन वर्षं रोहू कमी निघाला, तेव्हा सोसायटीने बजावलं की यंदाही तसंच झालं तर तळं पुतण्याला, नवनीतला देऊ. धुडकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने एक मरळ फाडली, तर पोटात रोहूची अकरा पिल्लं. चोर सापडला.

उन्हाळ्यात पाणी गुडघ्याला लागलं आणि धुडकू भाला घेऊन चिखलात उतरला. दडलेली मरळ पायाने चाचपायची, भोसकायची, काठावर फेकून दगडाने डोकं ठेचायचं. आठ दिवस हेच चाललं. नवनीतला शेजारी उभं करून त्याने ठेचायला शिकवलं. एक नर आपल्या लाल पिल्लांच्या घोळक्याला राखत भाल्यावरच चालून आला. धुडकूने त्याला आरपार भोसकलं आणि पिल्लं जाळीने उपसून तापल्या मातीवर ओतली.

बायको रूपलीबाई शहाद्याच्या बाजारात मासे विकते. तळ्यातलं, तिथल्या भराभर पिल्लं घालणाऱ्या चिलापी माशांचंही, तिला नवऱ्याहून जास्त कळतं. ती म्हणाली, "एक जोडी ऱ्हाऊ द्या. चिलापीना पिल्ले कोन खाई मंग?"

धुडकूने तिचा ओठ फोडला. असल्या माणसाची कीव कसली करायची!

हिवाळ्यात जाळं ओढलं तर चौघांना उचलेना. आत नुसती चिलापी, बोटाएवढी, पिल्लांचीही पिल्लं झालेली. तळ्यातलं खाणं त्यांनीच फस्त केलं होतं. मधे रोहू होते, पण हाडं निघालेले, तळहाताएवढे. बाजारात ते कुणी हातात धरेना. सोसायटीने आषाढापर्यंत मुदत दिली. उपाय दाखव, नाहीतर तळं सोड.

आता मात्र धुडकू रूपलीबाईपुढे खाली मान घालून बसला. तिने सांगितलं, रोहूच्या पिल्लांचं बी वीतभर वाढवून सोडायचं, म्हणजे ते मरळीच्या घशात मावत नाही, आणि चिलापी आवरायला मरळ आणायची. तापीच्या डोहात चार दिवस गळ टाकून त्याने एक जोडी जिवंत धरली. मादी अंड्यांनी फुगलेली. ओल्या गोणपाटात गुंडाळून, वाटेत पाणी शिंपडत त्याने ती आणली.

काठावर नवनीत उभा होता. गोणपाट सोडलं, मरळी वळवळल्या, आणि धुडकूने तोंड उघडायच्या आत नवनीतने दगड उचलला. पहिल्या घावात नर गेला. दुसऱ्यात मादीचं पोट फुटलं. धुडकूने त्याचा गळा धरला.

नवनीत गुदमरत म्हणाला, "तूच शिकाडं ना काका. मरळ दिखनी का ठेचानी."

धुडकूची बोटं सैल पडली. तो गुडघ्यांवर बसला, मातीतली पिवळी अंडी ओंजळीत गोळा केली आणि पाण्यात सोडली. काठाशी चिलापीची झुंड आली आणि अंडी खाऊन गेली.