भिंतीत कोंडणं आणि मागाचा खड्डा

ज्या इंग्रजी क्रियापदामुळे मी पदवीधर झाले, ते मी आजवर बोलताना एकदाही वापरलेलं नाही. शाळेत इंग्रजी शिकवते, तरी वापरलेलं नाही. ते कुठल्या धड्यात येत नाही, पेपरात छापून आलेलं दिसत नाही. क्रियापद आहे ‘इम्युअर’. अर्थ, एखाद्याला भिंतींच्या आत कोंडणं.

ते माझ्या वाट्याला चिठ्ठीतून आलं. गोंदिया वेगळं होऊन आमचा भंडारा जिल्हा निम्मा झाला होता, त्यानंतरची ही वर्षं. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांची एक पद्धत होती. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेसाठी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून प्रत्येकाला एक चिठ्ठी काढायला लावत. चिठ्ठीत एक क्वचित भेटणारं क्रियापद. ते कुठून आलं, वाक्यात कसं चालतं, लोक ते कुठे वापरतात, एवढं उभं राहून सांगायचं. जो गैरहजर राहील त्याचं वर्ष गेलं. यात सर कोणाचं ऐकत नसत, आणि मला ते योग्यच वाटायचं. माझ्यासारख्या, घरात पुस्तक नसलेल्या मुलीला उभं राहून बोलायची ती एकच संधी होती. आणि वर्ष गेलं तर पुढचं वर्ष मिळणार नाही, हे मला माहीत होतं. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, ते परीक्षेपुरतं थांबलेलं होतं.

लायब्ररीतला मोठा शब्दकोश घरी देत नसत. लायब्ररीतल्या बाईंनी मला दुपारची बस चुकेपर्यंत बसू दिलं. मी सगळं उतरवून घेतलं आणि पवनीच्या गाडीत अड्याळ येईपर्यंत पाठ केलं. लॅटिनमध्ये म्युरस म्हणजे भिंत. त्याला आधी ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग लागला आणि शब्द झाला. भिंतीवर काढलेल्या चित्राला म्युरल म्हणतात, तो याच घरातला. आधी हा शब्द गावाभोवती तट बांधण्यासाठीही वापरत, मग माणसाला कोंडण्यासाठी वापरू लागले. क्रियापद सकर्मक. पण बहुतेक वेळा ते कर्मणी प्रयोगात भेटतं, म्हणजे अमुक अमुक कोंडला गेला. कोणी कोंडलं ते सांगितलं नाही तरी वाक्य पूर्ण होतं.

गावी आले तर बाबा खाटेवर होते. सकाळी तलावाच्या मातीच्या पाळीवरून पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर गुडघ्याच्या वरपर्यंत होतं.

आमचा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा खोदलेला असतो, विणणारा त्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायाखालच्या फळ्या दाबतो. पोटाशी विणलेलं कापड गुंडाळायचा दांडा येतो. एकदा बसलं की पुढे माग, मागे भिंत. उठायचं तर मागे सरकून हातावर जोर देऊन वर यावं लागतं. म्हणून आमच्याकडे नियम होता, धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारी नळी, हातात असलेल्याला हाक मारायची नाही. बाबा मागावर असले की दारावर पाहुणा आला तरी माय त्याला अंगणात बसवायची आणि म्हणायची, “धोटा ठेवतील तवा येतील.”

दुसरा नियम असा की साडीच्या मधे हात बदलायचा नाही. आडवं सूत घट्ट बसवायला फणी आपटतात, तिचा ठोका प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणाचा हलका, कोणाचा जड. मधेच दुसरा माणूस बसला तर तिथून कापडाची वीण बदलते आणि उजेडात धरलं की आडवा पट्टा दिसतो. हात बदलायचा तो एक साडी संपून दुसरी सुरू होताना.

बाबांची एक साडी तेव्हाच संपलेली होती. आता सुरू करायची ती लग्नाची होती, एका नवरीसाठी. बाबांचं कापड विकत घेणारे शेठ ती सोमवारी संध्याकाळी न्यायला येणार होते, बाबांनी त्यांना तसा शब्द दिला होता. माझी तोंडी परीक्षा सोमवारी सकाळी होती.

मी म्हटलं, “मी बसते. रविवारपर्यंत होऊन जाईल.”

बाबा म्हणाले, “होईल?”

“होईल.”

मी हिशोब केला तो बाबांच्या हातानं. विणकराच्या घरातली मुलगीच अशी चूक करेल. जन्मापासून मी बाबांना रोज किती कापड निघतं ते पाहत आले होते आणि माझ्या मनात ‘एक दिवस’ म्हणजे तेवढं कापड, असंच बसलेलं होतं. मी सुट्टीत विणलं होतं, हात वाईट नव्हता, पण माझा दिवस बाबांच्या दिवसाच्या अर्ध्याहून थोडा जास्त निघाला. हे मला कळलं तोवर साडी बरीच पुढे गेली होती आणि ठोका माझा पडलेला होता. आता दुसरं कोणी बसू शकत नव्हतं.

ते दिवस मला आठवतात ते पोटाशी आलेल्या त्या दांड्यासारखे. एप्रिलचं ऊन होतं. सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून दार लावून घ्यायचं आणि जमिनीवर पाणी शिंपडायचं. खोलीत ओल, अंधार आणि घामाचा वास. मी ठोक्यावर शब्दाची उजळणी करायचे. धोटा इकडून तिकडे, म्युरस. तिकडून इकडे, म्हणजे भिंत.

माय बाजूला बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “हा म्युरस कोन होय वो? पोरगा असल तं आताच सांग. तुझ्या बाबाचा एक पाय तं मोडलाच आहे.”

मी हसले, पण सूत तुटेल म्हणून हात थांबवला नाही. तिला अर्थ सांगितला.

“म्हणजे कोंबडी डालतो तसं?”

“नाही माय. डालायला टोपली लागते. याला भिंत लागते.”

“मंग बरं आहे. टोपली तं सकाळी कोनी ना कोनी उचलतेच.”

शनिवारी सगळ्यांना कळलं की साडी रविवारी संपणार नाही, सोमवारचा दिवसही लागेल. मला आजही वाटतं, बाबांनी ‘जाऊ नको’ म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते खाटेवरून एवढंच म्हणाले, “मी तुले जा म्हणत नाही, जाऊ नको बी म्हणत नाही. शब्द माहा आहे, परीक्षा तुही आहे. काय करायचं तूच पाय.” मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांच्या घराण्याच्या कापडात कधी पट्टा पडला नव्हता. शेठ त्यांचं कापड न उलगडता नेत. मला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. राग कोणावर धरायचा? मला तर कोणीच कोंडलं नव्हतं.

रविवारी दिवसभर विणलं. सोमवारी उजाडायच्या आत पुन्हा बसले, वेड्या आशेनं. माझी धुतलेली सलवार-कमीज दोरीवर तशीच होती. बसची वेळ जवळ आली तेव्हा माय मागे येऊन उभी राहिली आणि नियम मोडून तिनं मला हाक मारली.

“ऊठ.”

“धोटा हातात आहे, माय.”

“दिसून राहिला मले. दे इकडं.”

खाटेवरून बाबा म्हणाले, “पट्टा पडन.”

मायचं माहेर धानाच्या शेतीचं. माग तिला आमच्याच घरात आला, तोही पंचे विणण्यापुरता. तिचा ठोका जड होता, फणी धाडकन आपटायची. पट्टा पडणार हे तिघांनाही माहीत होतं.

“पडू द्या,” ती म्हणाली. “हिनं दुसऱ्याच्या घरी जाऊन हेच करावं म्हणून शिकवली का? ऊठ वो पोरी, गाडी जाईल. न्याहारी बांधून ठेवली आहे.”

मी मागे सरकून वर आले. पाय सुन्न झाले होते. ती नऊवारीचा काष्टा आवरून खाली उतरली आणि मी दारातून बाहेर पडायच्या आतच तिचा पहिला ठोका ऐकू आला. तो माझा नाही, हे मला रस्त्यावरूनही कळत होतं.

परीक्षेत मी सगळं सांगितलं. म्युरस, उपसर्ग, म्युरल, सकर्मक, कर्मणी. स्वतःच स्वतःला कोंडून घेतलं असंही म्हणता येतं, तेही सांगितलं. सरांनी विचारलं, “मराठीत असा खास शब्द आहे का?” मी ‘कोंडणं’ सांगितलं आणि मग ‘डालणं’. टोपलीखाली कोंबडी झाकण्यासाठी वेगळं क्रियापद आहे, याचं सरांना फार कौतुक वाटलं. त्यांनी ते आपल्या डायरीत लिहून घेतलं.

“आता तुझं स्वतःचं एक वाक्य कर, बेटा.”

तयार केलेलं वाक्य कुठल्याशा राजाचं होतं. ते आठवेना. मी इंग्रजीत म्हटलं, आज माझी आई मागाच्या खड्ड्यात कोंडली गेली आहे.

सरांनी विचारलं, “खड्ड्याला भिंती असतात?”

“मातीच्या, सर. मांडीपर्यंत.”

“मग चालेल,” ते म्हणाले. “कोणी कोंडलं?”

“या प्रयोगात सांगावं लागत नाही, सर.”

ते मोकळेपणानं हसले, बाजूला बसलेल्या मॅडमही हसल्या. मला चांगले गुण मिळाले. परतीच्या गाडीत मी ती न्याहारी सोडली आणि तशीच परत बांधली.

घरी पोचले तेव्हा शेठ अंगणात खुर्चीवर बसले होते. बाबा प्लास्टरचा पाय लांब करून, स्टुलावर बसून स्टोव्हवर चहा करत होते. त्यांना साखरेचा डबा सापडत नव्हता. आत ठोके चालू होते. मी मागाजवळ गेले आणि म्हटलं, “माय, ऊठ आता. मी बसते.”

“हाक मारू नको. धोटा हातात आहे.”

“सकाळपासून बसली तू.”

“हो ना,” ती मान वर न करता म्हणाली. “सकाळपासून मले एकानं बी उठवलं नाही. शेठनं चहा मागतला तं बाबाले मागतला. बाजूवाली मिरच्या न्याले आली, तुह्या बाबानं तिले सांगितलं, धोटा ठेवन तवा ये. लग्न झाल्यापासून अशी बसली नव्हती मी.”

थोड्या वेळानं साडी संपली. शेठनं ती दाराच्या उजेडात धरली. अंगठा कापडावरून फिरवत नेला आणि एका जागी थांबवला.

“इथं हात बदलला.”

बाबांनी चहाचा कप त्यांच्यापुढे केला. “बदलला,” ते म्हणाले. “पोरीची परीक्षा होती.”

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी साडी घडी करून खाटेवर ठेवली. नवरीला दुसरीकडची देतो म्हणाले, चहा पिऊन गेले. त्यानंतर बाबांकडून कापड नेताना ते उलगडून बघू लागले. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण शेठ घडी मोडायला लागले की ते उठून अंगणात जायचे.

साडी घरीच राहिली. निकाल लागला त्या दिवशी मायनं ती नेसली. मी म्हटलं, पट्टा काष्ट्यात घे, दिसणार नाही. तिनं घेतला नाही, की तिला जमलं नाही, ते मला माहीत नाही. तो मांडीवरून उभा खाली उतरलेला दिसत होता, माझ्या बाजूला विरळ, तिच्या बाजूला घट्ट.

बाबांचं हाड जुळलं, पण त्यांना पूर्वीसारखं दिवसभर बसणं जमलं नाही. माग मायकडे गेला तो गेलाच. लग्नाचं बोलणं आणखी दोन वर्षं थांबलं आणि मी बी.एड. केलं. आता सुट्टीत गावी जाते तेव्हा दारातून आधी ठोक्याचा आवाज येतो. तिची पाठ वाकली आहे. अंधारात, भिंतीला पाठ देऊन ती खड्ड्यात बसलेली असते. तिला उठवावं असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

पण बाबा ओसरीवरून हातानं खूण करतात, बस. चहा तेच ठेवतात. मी बॅग खाली ठेवते आणि तिच्या हातातून धोटा सुटेपर्यंत बाहेर बसून राहते.