कातळावरचा पाहुणा

पार उत्तरेकडच्या, रेनडिअरच्या मुलखातल्या तेनो नदीवर पाहुण्यांसाठी वल्हं मारणाऱ्या बायका आधीच थोड्या, आणि राव्नासारखी तर दुसरी नव्हतीच. खांदे रुंद, बोलणं तुटक, हसणं जवळजवळ नाहीच. तरी उन्हाळा आला की दक्षिणेकडच्या शहरांतून सॅमन पकडायला येणारी हौशी मंडळी नीलासच्या गेस्टहाउसवर उतरायची आणि पहिला प्रश्न करायची, राव्नाची होडी मोकळी आहे का.

इथली मासेमारी वल्हेकऱ्याची. पाहुणा लांब, अरुंद होडीच्या पिछाडीला गरी धरून बसतो. वल्हेकरी होडीचं नाक प्रवाहाकडे ठेवून तिला या काठाकडून त्या काठाकडे तिरकी नेतो, हळूहळू खाली सोडतो, आणि मागे पाण्यात आमिष डुलत राहतं. कुठल्या खडकाआड थांबायचं, कुठे सैल सोडायचं, सगळं वल्ह्यावर. मोटर असते ती फक्त येण्याजाण्यापुरती. दोघं बसतात मात्र समोरासमोर, दिवसभर एकमेकांचं तोंड बघत.

राव्नाने वल्हं हातात घेतलं ते नवरा गेल्यावर. त्याआधी होडी होती त्याची, ओव्लाची. ओव्ला बोलका, गाणारा, पाहुण्यांना आपल्या आजोबांच्या थापा स्वतःच्या म्हणून सांगणारा. एका ऑगस्टमध्ये, भर पाण्याच्या दिवसांत, खडकांवरून पाणी उसळतं त्या मोठ्या खळाळात त्याची होडी उलटली. पाहुणा उलट्या होडीला धरून वाचला. ओव्ला वाहून गेला. होडी काठाला लागली तेव्हा तिच्या फळीखाली दारूची चपटी बाटली अडकलेली निघाली. पोलिसाने पाहुण्याला विचारलं, ही कोणाची. पाहुणा म्हणाला, वल्हेकऱ्याची, सकाळपासून पीत होता, म्हणून तर मोठा मासा गरीला लागलेला असताना होडी उलटवली. एवढं सांगून तो दुसऱ्या दिवशीच्या बसने निघून गेला. ओव्लाचं प्रेत तोवर सापडलंही नव्हतं.

ओव्लाचा बाप दारू पिऊनच याच नदीत बुडाला होता, आणि म्हणून ओव्ला होडीत थेंबही घेत नसे, हे राव्नाला ठाऊक होतं. गावाने मात्र त्याच गोष्टीचा उलटा अर्थ लावला. बाप तसा पोरगा, म्हणाले. सगळ्यांत आधी म्हणाली ती ओव्लाची आई, माग्गा. नवरा दारूने नेलेली बाई, तिला दारूवर विश्वास ठेवायला वेळ लागला नाही. प्रेतयात्रेहून परतताना ती सुनेला एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं आणि तू झाकलंस." त्यानंतर दोघींची घरं एकाच चढावर, एकाच वाटेवर असूनही एकीच्या घरची कॉफी दुसरीने घेतली नाही. आणि हळूहळू गावात ओव्लाचं नाव निघेनासं झालं. त्याच्या गमती, त्याची गाणी, सगळं लोकांनी गिळून टाकलं, जणू घरातली लाजेची गोष्ट.

पुढच्याच उन्हाळ्यात राव्ना नीलासकडे गेली आणि म्हणाली, मला होडी द्या, मी वल्हवते. नीलास ओव्लाचा चुलतभाऊ. त्याला वाटलं, पोटासाठी. बाकीच्यांना वाटलं, दुःख विसरायला. खरी गोष्ट तिने कोणालाच सांगितली नाही. तेनोचा मोठा सॅमन ज्याच्या गरीला एकदा लागून सुटला, तो माणूस कधी ना कधी परत येतो, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. ती त्याचीच वाट बघत होती. चेहरा पाहिलेला नव्हता, नाव मात्र पाठ होतं. युर्की हॉल्स्ती.

तो आला चौदा वर्षांनी. ऑगस्ट सरत आलेला, बर्चची पानं पिवळी पडायला लागलेली, थंडीने डास मेलेले. बसमधून एक जाडसर, गोरापान, हसरा माणूस उतरला. नीलासने नाव ऐकलं आणि त्याच्या हातातली किल्ली तशीच राहिली. तो मागच्या दाराने राव्नाकडे गेला.

"वहिनी, तो आलाय. मी त्याला पेक्काच्या होडीत देतो. तू चार दिवस मासे खारवायला बस."

"नाही भावजी," राव्ना म्हणाली. "माझ्याच होडीत द्या."

नीलासने परत जाऊन त्याला तिचीच होडी दिली.

पहिले तीन दिवस तिने त्याला वल्हवलं आणि एकही मासा लागू दिला नाही. त्यात अवघड काही नव्हतं. वल्हं जरा जास्त ओढलं की आमिष वरवर पळतं, आणि खोल पाण्यात बसलेले तांबूस, म्हातारे नर ढुंकूनही बघत नाहीत. इतर होड्यांवर रोज मासा निघत होता, आणि हॉल्स्ती संध्याकाळी गेस्टहाउसवर दुसऱ्यांच्या माशांचे फोटो काढत होता. तिला त्यात समाधान वाटेना. हे तर चिमटा काढण्यासारखं झालं. ती त्याच्या गळ्याकडे बघत वल्हं मारायची आणि मनात त्याला दहा ठिकाणी बुडवायची. मोठा खळाळ हाकेवर होता. होडी आडवी करायला एक झटका पुरला असता. पण मग तोही बिचारा ठरला असता, पाण्यात गेलेला, आणि त्याचं खोटं त्याच्यासकट खाली जाऊन बसलं असतं. तसं तिला नको होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाळूवर होडी लावून तिने कॉफी उकळली, रेनडिअरचं सुकं मांस कापून दिलं. हॉल्स्ती खुशीत होता. मासा नसला तरी गप्पा होत्याच. त्याने बोट दाखवून विचारलं, मोठा खळाळ तोच ना? आणि मग आपणहून सांगू लागला. बऱ्याच वर्षांपूर्वी आपण इथे आलो होतो, वल्हेकरी मिळाला तो पिऊन तर्र, असा एक राक्षसी मासा लागला होता, आणि त्या बेवड्याने होडीच उलटवली. आपण कसे पोहलो, होडीला कसे चिकटून राहिलो, हे त्याने हातवारे करून सांगितलं. नीट मुरलेली गोष्ट होती. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं बसवलेलं. किती जेवणांच्या टेबलांवर त्याने ती सांगितली असेल, राव्नाच्या मनात आलं.

"आणि त्या माणसाचं काय झालं?" तिने विचारलं.

"गेला बिचारा," तो म्हणाला आणि कप पुढे केला. तिने कॉफी ओतली.

वरच्या डोंगरांत दोन दिवस पाऊस लागला होता. ते पाणी खाली यायला वेळ घेतं, पण येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी राव्नाने त्याला सांगितलं की आज तुम्हाला मोठा मासा हवा असेल तर होडीतून नाही, कातळावरून गरी टाका. खळाळाच्या वरच्या अंगाला, नदीच्या मधोमध एक सपाट कातळ आहे, पाणी उतरलं की उघडा पडतो. तिने त्याला तिथे उतरवलं, गरी हातात दिली, आणि होडी मागे घेतली. तो गरी फेकायला लागला. ती काठाला आली, होडी बांधली, शेकोटी पेटवली आणि बसली.

बराच वेळ त्याला कळलंच नाही. मग त्याने हात केला, न्यायला ये. तिनेही हात केला. मग त्याने हाक मारली. ती इथल्या रिवाजाप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकत बसली.

दुपारपर्यंत काठावर माणसं जमली. नीलास आला, पेक्का आला, दुकानातली बाई आली. कातळाची वरची कड ओली व्हायला लागली होती.

"वहिनी, पाणी चढतंय," नीलास म्हणाला.

"चढू दे. संध्याकाळपर्यंत पोटरीला लागेल. माणूस पोटरीभर पाण्यात मरत नाही."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर त्याच्यावर आहे."

नीलास तिच्या शेजारी दगडावर बसला. पेक्काची होडी तिथेच होती, मोटरसकट. कोणी तिला हात लावला नाही. हॉल्स्ती फिनिशमध्ये ओरडत होता. मदत, पोलीस, वेड लागलंय का बाईला. फिनिश काठावरच्या सगळ्यांनाच येत होती, पण म्हाताऱ्या पेक्काने तंबाखू थुंकून शांतपणे म्हटलं, "काय म्हणतोय तो? आमची भाषा शिकायला हवी होती त्याने." दुकानातल्या बाईला हसू आलं आणि तिने ते पदराआड केल्यासारखं रुमालाआड केलं.

पाणी त्याच्या बुटांवरून जायला लागलं तेव्हा राव्ना उठली. होडी सोडली, कातळाच्या वरच्या अंगाला नेली आणि तिथे प्रवाहात वल्ह्यांवर तोलून धरली. हात लांबवला तर पोचणार नाही इतक्या अंतरावर. असं धरून ठेवायला जी ताकद लागते ती तिने याच दिवसासाठी कमावली होती. हॉल्स्तीचा चेहरा पांढरा पडला होता. गरी केव्हाच वाहून गेली होती.

"तू आहेस तरी कोण?" तो म्हणाला.

"ओव्लाची बायको."

त्याने डोळे मिटले. तिने त्याला घाई केली नाही.

"पाहुणे, ती बाटली कोणाची होती?"

तो पुटपुटला. तिने मान हलवली. "खळाळाचा आवाज आहे. काठापर्यंत ऐकू जायला हवं."

"माझी," तो म्हणाला. आणि मग, एकदा तोंड उघडल्यावर, सगळंच ओरडून सांगितलं. मासा लागून खळाळात उतरला होता. ओव्ला गरीची दोरी कापायला निघाला. हॉल्स्तीने ओव्लाच्या हातातली सुरी हिसकावली. हॉल्स्तीच उठून उभा राहिला, होडी त्याच्यामुळे कलंडली. ओव्लाने त्याला ढकलून उलट्या होडीवर चढवलं, तो स्वतः चढू शकला नाही. "मी घाबरलो होतो," तो ओरडला. "पोलिसाने विचारलं, बाटली कोणाची, आणि मी म्हणालो वल्हेकऱ्याची. तो तर गेलाच होता."

काठावर कोणी हललं नाही. राव्नाने होडी कातळाला लावली. तो थरथरत चढला, तेव्हा तिने त्याला हात दिला नाही.

काठाला आल्यावर त्याला वाटलं, सुटलो. पण तिने त्याला तसाच, ओल्या बुटांनी, चढावरून माग्गाच्या घरी नेलं. माग्गाला आता नीट ऐकू येत नसे. म्हातारी खिडकीपाशी लोकर विंचरत बसली होती. इतक्या वर्षांनी सून दारात पाहून तिने फणी खाली ठेवली.

"आई, याला काही सांगायचंय. जवळून ऐका."

हॉल्स्ती तिच्या खुर्चीशी वाकला आणि तिच्या कानात पुन्हा सगळं बोलला. ओरडून सांगणं सोपं गेलं होतं. म्हातारीच्या कानात बोलताना तो शब्दाशब्दाला अडखळला. माग्गाने मध्ये एकदाच थांबवलं.

"म्हणजे माझा ओव्ला प्यायलेला नव्हता?"

"नव्हता."

"आणि तुला त्याने वर चढवलं?"

"हो."

म्हातारीने त्याला आपादमस्तक पाहिलं. मग सुनेकडे वळून, अगदी साध्या आवाजात, जसं कोणी सरपण का आणलं विचारावं तसं विचारलं, "मग याला नदीतून परत आणलंस कशाला?"

माग्गा उठली, चुलीवर किटली ठेवली, आणि दोन कप काढले. दोनच. या मुलखात दारात आलेल्या वैऱ्यालाही कॉफी देतात. हॉल्स्ती दाराशी उभा होता, बुटांतून पाणी गळत होतं. दोघी बायका टेबलाशी बसून कॉफी प्यायल्या आणि कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. कप रिकामे झाले तेव्हा तो निघून गेला होता.

त्याने पुढे तक्रार केली. पोलीस येऊन विचारून गेला. गावाने सांगितलं, बाईची मोटर बंद पडली होती, पाहुणा उगीच घाबरला. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांनी तेच सांगितलं.

त्या हिवाळ्यात ओव्लाचं नाव पुन्हा बाहेर आलं. दुकानात, लग्नात, बर्फात अडकलेल्या गाडीशी, लोक त्याच्या गमती सांगू लागले. राव्ना पीठ आणायला गेली की तिच्यासमोर मुद्दाम सांगत, हसत, तिच्याकडे बघत. ती पीठ घ्यायची आणि निघायची. हॉल्स्तीबद्दलचा तिचा डूख त्या दिवशी कातळावरच ओसरला होता. आता नवाच एक उभा राहिला होता, आणि तो जवळच्या माणसांवर होता.

वसंतात नीलास टोपी हातात घेऊन तिच्याकडे आला. गावाने ठरवलंय, म्हणाला, खळाळापाशी एक क्रूस उभारायचा. ओव्लाच्या नावाचा. लाकूड पेक्का देतोय.

"चांगलं लाकूड घ्या भावजी," राव्ना म्हणाली. "रुंद. त्याच्या नावाखाली तुम्हा सगळ्यांची नावं मावली पाहिजेत. ज्यांनी ज्यांनी ते खरं मानलं, त्यांची."

नीलासने विचारलं, "वहिनी, तुझ्या सासूचंही?"

"त्यांचं सगळ्यांत वर. मी त्यांना सांगितलंय. त्या हो म्हणाल्या."

क्रूस उभा राहिला नाही. नीलासने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि राव्नानेही नाही. ती त्याच्याच गेस्टहाउसचे पाहुणे वल्हवत राहिली, खांदे उतरेपर्यंत. तिच्या होडीवर पुष्कळ मासे निघाले. संध्याकाळी ती माग्गाकडे जाऊन जेवायची. दोघी फारसं बोलत नसत. नीलासच्या स्वयंपाकघरात ती शेवटपर्यंत पाय ठेवायला तयार झाली नाही. त्याची बायको दारातून हाक मारायची, कॉफी तयार आहे म्हणायची, आणि राव्ना होडी बांधता बांधता म्हणायची, नको, सासूबाई वाट बघत असतील.