न बुडालेला सरदार

कासूला गाडी थांबली होती. रोह्याहून पेणला जाताना कासूला गाडी का थांबते आणि किती वेळ, हे विचारण्यात अर्थ नसतो. समोरून मालगाडी यायची असते, ती येत नाही, आणि डब्यातल्या लोकांना त्याचं काहीच वाटत नाही. तेवढ्यात महेशचा फोन आला. महेश म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, कुमुदचा, पुतण्या. "मावशी, कुठवर आलात?" म्हणाला. मी म्हटलं, कासू. तर म्हणतो, "मग या सावकाश... आत्या गेली." सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि गेली. सावकाश या! त्या पोराला शहाणपण कधी नव्हतंच, पण त्या दिवशी मी त्याच्यावर चिडलेसुद्धा नाही. माझ्या पिशवीत एक पुस्तक होतं आणि मनात एक माफी होती. माफी मागायची मला सवय नाही. आयुष्यात एकदा मागायला निघाले, तर ही बाई निघून गेलेली.

याला आता पाच आठवडे झाले. मधे शोकसभाही झाली. गणपतीच्या कारखानदारांपैकी एक गृहस्थ भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, कुमुदताई म्हणजे कलेच्या मूक साधिका. मूक! पेणच्या बाजारात कोळणी जिच्याशी भाव करताना दबकत, ती मूक. दुसऱ्या एका बाईंनी तिला सदा हसतमुख करून टाकलं. माणूस मेला की आपल्याकडे त्याला आधी धुतात आणि मग रंगवतात, तेही एकाच साच्यातून काढल्यासारखं. कुमुद हसतमुख नव्हती. ती हट्टी होती, खवट होती, पान लावायची आणि मला "दीडशहाणी विजू" म्हणायची. आणि तिची वाचनाची आवड भिकार होती. हे कुणी बोललं नाही म्हणून मी लिहिते आहे.

आम्ही दोघी पेणच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. मी लग्न होऊन रोह्याला गेले, तिथल्या हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला. कुमुदने लग्न केलं नाही. भावाच्या कारखान्यात ती आखणी करायची. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. बाकीचं काम मोठ्या शेडमध्ये चालतं, तिथे दहाबारा बायका शाडू मळतात, मूर्ती घासतात, रंग देतात, रेडिओ लावून भांडतातही. आखणीची खोली मात्र मागे, वेगळी. तिथे दुसऱ्या कुणाला यायची परवानगी नसे, कारण धूळ उडते आणि बोलण्याने हात हलतो. मला होती. माझ्या बोलण्याने तिचा हात हलत नाही, असं ती म्हणायची. तुझ्या बोलण्याकडे लक्षच कोण देतं, हेही पुढे म्हणायची.

आता त्या पुस्तकाविषयी. 'धरमतरची चंद्रिका' ही ऐतिहासिक प्रेमकादंबरी. लेखकाचं नाव मी देणार नाही. चुकून कुणी शोधून वाचली तर ते पाप माझ्या माथी नको. आम्ही अकरावीत असताना याची एक प्रत वर्गातल्या मुलींमधून फिरत होती. इतक्या जणींच्या गादीखाली राहून तिची शेवटची पंचवीस-तीस पानं गळून गेली होती. सरदार लढाईला गेला, चंद्रिका खाडीच्या काठी उभी राहिली, आणि पुढे पुठ्ठा. मुलींनी आपापले शेवट तयार केले. मी तेव्हाही नाक मुरडलं होतं. कुमुदने मात्र शेवट तयार केला नाही. "जो हाय तोच पायजे," म्हणाली. तो तिला पन्नास वर्षं मिळाला नाही. मधूनमधून तिला आठवण यायची, अगदी मासे साफ करतानासुद्धा. "काय झालं असंल गो त्याचं?" असं ती विचारायची, जणू तो आमच्या वर्गातलाच कुणी होता आणि दुबईला गेला होता.

गेल्या दिवाळीनंतर रोह्यातल्या एका वाचनालयाने जुनी पुस्तकं काढायला घेतली, त्यात मला 'चंद्रिका' सापडली. पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत पूर्ण. तिला लगेच फोनवर सांगितलं. म्हणाली, "तू वाचू नको पुढचं. घेऊन ये. पयल्यापासनं वाच." तिचे हात दिवसभर रंगात, आणि संध्याकाळी डोळे चुरचुरत. त्यामुळे वाचायचं काम माझं. दर गुरुवारी मी गाडीने पेणला जायचं, ती मूर्तीकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून पाटावर बसायची, आणि मी मागे खुर्चीत बसून तो रद्दीचा माल मोठ्याने वाचायचा. बुबुळ काढायची वेळ आली की ती डावा हात वर करी. मी गप्प. बुबुळ झालं की हात खाली, सरदार पुन्हा घोड्यावर.

काय काय वाचलं मी त्या खोलीत! सतराव्या शतकातली चंद्रिका सकाळी उठून चहा घेते. पौषात तिच्या अंगणात मोगरा फुलतो. पौर्णिमेला सरदार भेटतो, आठ दिवसांनी परत भेटतो, तेव्हाही पौर्णिमाच. खलनायक अर्थातच काळा, दाढीवाला आणि परका, कारण लेखकाला याहून जास्त काही सुचणं शक्य नव्हतं. रोह्याहून निघालेला घोडा पेणला इतक्या लवकर पोचतो की आमच्या रेल्वेने शरमावं. मी दर पानाला थांबून हे सांगायची. कुमुद ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तू तुझा इतिहास रोह्याला ठेवून येत जा. घोडा पोचला ना? मंग पुढं वाच." एकदा मी चिडून म्हटलं, तुला हे खरं वाटतं तरी का? तर ब्रश बशीत बुडवत म्हणाली, "उंदरावर बसलेल्या हत्तीचे डोळे काढते मी जन्मभर. मला नको सांगू खरं काय ते."

मग मी सूड उगवायला लागले. प्रेमाचे संवाद गाळू लागले. चहाच्या जागी ताक वाचलं. दोन पौर्णिमांतली एक सरळ अमावास्या केली. शिक्षकी पेशाने माणसाला अशी खोड लागते, दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त केल्याशिवाय हात स्वस्थ बसत नाही. कुमुद काही म्हणाली नाही. मला वाटलं, फसली.

आणि मग तो शेवटचा गुरुवार. आदल्या रात्री मी नियम मोडून शेवटची पानं वाचली होती. सरदार लढाईत मारला गेल्याची बातमी येते. चंद्रिका खाडीकाठी बसून राहते. आणि मग एका रात्री हा गडी अंगावर चिलखत घालून, भरतीच्या पाण्यातून, धरमतरची खाडी पोहून परत येतो! मी पुस्तक भिंतीवर फेकलं. हसण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही, राग आला. माझं लग्न होऊन सातच वर्षं झाली होती तेव्हा माझे यजमान गेले. साध्या तापाने. मीही तेव्हा कित्येक महिने रोज संध्याकाळी पायरीवर बसत होते. कुणी कुठलीही खाडी पोहून आलं नाही. चार आण्याच्या अकलेचा लेखक उठतो आणि मेलेला माणूस असा परत देतो, जणू वाण्याकडून नारळ बदलून आणला... मला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत मी पुस्तक उघडं धरलं आणि मनचं वाचलं. सरदाराचं प्रेत तिसऱ्या दिवशी ओहोटीला चिखलात सापडलं. चंद्रिका रडली नाही. तिने वडिलांची मिठागरं सांभाळली, म्हातारी झाली आणि मेली. भाषाही मी त्या लेखकापेक्षा चांगली वापरली, हे प्रामाणिकपणे सांगते. वाचून झालं. कुमुद पाठमोरीच म्हणाली, "संपलं?"

"संपलं."

"बरं... चा टाकते."

निघताना दारात म्हणाली, "येत्या गुरवारी ये. पुस्तक आण." मी म्हटलं, आता काय, संपलं की ते. "आण गो," एवढंच म्हणाली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. पन्नास वर्षं एका माणसाने एका गोष्टीची वाट पाहिली, काही मागितलं नाही, दुसरी कुठली पुस्तकंही मागितली नाहीत. आणि ती गोष्ट माझ्या हातात असताना मी तिला भलतंच काहीतरी दिलं. तेही वाङ्मयाच्या नावाखाली. त्या लेखकाला मी मूर्ख म्हणत होते. पण तो मूर्ख असला तरी त्याने कुणाला फसवलं नव्हतं. फसवलं होतं मी. बुधवारी मी ठरवलं, उद्या सगळं सांगायचं, शिव्या खायच्या आणि तो चिलखतातला बेडूक तिच्यापुढे आणून उभा करायचा. मग कासू, आणि महेशचा फोन.

गेल्या गुरुवारी मी पहिल्यांदा पुन्हा कारखान्यात गेले. महेशला म्हटलं होतं, तिचे ब्रश बघायचे आहेत. काहीतरी निमित्त हवं होतं. शेडमध्ये शिरले तशी रेडिओ बंद झाला. रेखा म्हणून घासकाम करणारी एक मुलगी आहे, खाडीकडच्या गावातली, ती शाडूने माखलेले हात तसेच धरून समोर आली. "बाई, पुस्तक आनलं काय?"

मला कळेना. मग कळलं. दर शुक्रवारी दुपारच्या डब्याला कुमुद या सगळ्यांना आदल्या दिवशी वाचलेलं सांगायची. मी गाळलेले संवाद, चहा, दुसरी पौर्णिमा, सगळं तिच्या गोष्टीत होतं. अकरावीत वाचलेलं तिला तोंडपाठ होतं! माझं ताक तिने एकदाही प्यायलं नव्हतं. नवीन होती ती फक्त शेवटची पानं.

"शेवट नाय सांगितला आत्यानं," रेखा म्हणाली. "म्हनाल्या, विजूनं खोटा वाचला. खरा अजून बाकी हाय, गुरवारी वाचील."

"कशावरून खोटा?"

"इतका वेळ वाचीत व्हती, पन पान उलटल्याचा येक आवाज नाय आला म्हनाल्या."

तीस वर्षं मी कॉपी करणारी पोरं पकडली. आणि स्वतः लबाडी करताना पान उलटायचं विसरले. "मग मला का नाही बोलली ती?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. रेखाने इतर बायकांकडे पाहिलं. सांगावं की नको, असं तिचं चाललं होतं.

"त्या म्हनाल्या... तिचा मानूस परत आला नाय, मंग तिनं या सरदाराला कशाला आनावा? येक आठवडा देऊ तिला."

मला एक आठवडा दिला तिने. तिच्याजवळ तो नव्हता, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मी तिथेच एका रिकाम्या पोत्यावर बसले आणि पोरींसमोर रडले. नंतर त्यांनीच मला उठवलं. महेश म्हणाला, मागच्या खोलीत बसा मावशी, आता कुणाच्या बोलण्याने कुणाचा हात हलणार आहे. बायकांनी हात धुतले आणि जन्मात पहिल्यांदा त्या खोलीत आल्या, दबकत, भिंतीला चिकटून बसल्या. कुमुदचा पाट समोर होता. त्यावर कुणी बसलं नाही.

मी वाचलं. एक शब्द बदलला नाही. बातमी आली, चंद्रिका काठावर बसली, भरती आली, आणि सरदार चिलखतासकट पाण्यात उतरला. तो या काठाला बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर चिखलाचा ठिपकाही नव्हता, असं लिहिलं आहे. रेखा फिसकन हसली. "धरमतरला? तितं मांडीयेवडा चिखल हाय." सगळ्याच हसल्या. मग रेखाच म्हणाली, "वाचा बाई, पुढं."

पुढे फार काही नाही. चंद्रिका उठून उभी राहते, त्याच्याकडे बघते आणि विचारते, "इतका उशीर का केलात?" यापुढे लेखकाने तीन टिंबं दिली आहेत आणि पुस्तक आटोपलं आहे. त्याला उत्तर सुचलं नसणार, दुसरं काय.

बायका वाट बघत होत्या. "मंग तो काय बोलला?" रेखाने विचारलं. मी पान उलटलं. पलीकडे कोरं होतं. ते मी त्यांना दाखवलं. मग समोरच्या पाटाकडे बघून म्हटलं, "या वेळी खरं वाचलंय गो. संपलं."