तिसरा ठोका

आवाजाचं आणि माझं पहिल्यापासून वाकडं. सदाशिव पेठेत जन्म गेला, त्यामुळे दर गणपतीत ढोलवाल्यांविरुद्ध तक्रार करणं हा माझा कुळाचारच. आणि भाडेकरू मिळाला तो असा, की ढोल वाजला की टेबलाखाली शिरायचा!

उत्तरेश्वर धाराशिवकडचा, जेमतेम तिशीचा. फौजेतून परतलेला, आता एका बँकेच्या दारावर पहाऱ्याला. लढाईच्या कादंबऱ्या वाचून भरती झाला होता म्हणे. मी वाचनालयातून निवृत्त झालेली. कौतुकाने त्याला तसलीच एक कादंबरी वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी परत!

"काकू, यातला जवान मरताना अर्धं पान बोलतो. आमचा श्यामसुंदर 'आई'सुद्धा म्हणाला नाही. आणि गावात त्याच्या नावाचा फलक लावून पुढाऱ्यांनी आपलेच फोटो काढून घेतले."

मी ते पुस्तक कपाटाच्या तळाशी सारलं. मला गप्प करणं सोपं नाही, विचारा पेठेत कुणालाही.

यंदा पथकांचा सराव सुरू झाला आणि हा म्हणाला, "काकू, नोकरी सोडतो, खोली सोडतो. गावाकडं जातो. आता कुणाला तोंड दाखवायला नको." एवढा उमदा पोरगा स्वतःला कायमचं घरात कोंडून घेणार? मी त्याच्या फौजेतल्या चौकीवरच्या जोडीदाराला, विश्रांतवाडीच्या आनंदला, फोन केला. तो आला, तर रिक्षातून दोन ढोल घेऊन!

"अहो, माणूस अर्धमेला झालाय आणि तुम्ही हे काय आणलंत? अक्कल गहाण ठेवलीत का?"

"काकू, चौकीवर गोळा पडला की आम्ही तिघं, मी, हा आणि श्यामसुंदर, आपापल्या ताटलीवर एकेक ठोका द्यायचो. म्हणजे, जिवंत आहे. एकदा तिसरा ठोका आलाच नाही. तेव्हापासून याचं असं झालंय."

मागच्या अंगणात आनंदने ढोलावर टिपरू मारलं. "दे की रे उत्तर!" उत्तरेश्वरने कसाबसा एक ठोका दिला आणि भोकाड पसरलं. आनंदने फौजी शिव्या घातल्या. मीच म्हटलं, घाला अजून. मग रोज संध्याकाळी माझ्या अंगणात तो गोंगाट. शेजारच्या दीनानाथांनी चक्क माझीच तक्रार केली. काय दिवस आले!

विसर्जनाला मी गॅलरीत. आनंदने पेठेतल्या पथकात दोघांची नावं घातली होती; दोघं शेजारी शेजारी, पांढरे कुडते, कमरेला ढोल. आणि ऐन चौकात कुणा टवाळाने सुतळी बॉम्ब फोडला. उत्तरेश्वर मटकन खाली बसला. पथक थांबलं. संपलं सगळं, म्हटलं.

आनंदने एक ठोका दिला. एकच. आणि त्याच्याकडे बघत उभा राहिला.

उत्तरेश्वर उठला. त्याने दुसरा दिला. मग दात-ओठ खाऊन, श्यामसुंदरचा तिसराही त्यानेच दिला, असा की माझ्या खिडकीच्या काचा थरारल्या! त्यामागे अख्खं पथक सुटलं. उत्तरेश्वर रडत होता, हसत होता आणि वाजवत होता.

जन्मभर तक्रारी करणारी मी, सुनीती, चप्पल न घालताच रस्त्यावर धावले आणि ओरडले, "अजून जोरात, मेल्यांनो!"