गेटबाहेर गेलेली व्हॅन

आलापल्लीच्या लाकूड डेपोत दुर्गेभाऊ सागाच्या नगावर, म्हणजे ओंडक्यावर, शिक्क्याचा हातोडा मारत आणि लगेच त्या खुणेवरून अंगठा फिरवत. खूण अंगठ्याला लागली तरच मान हलवत. नुसत्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. ते वनपाल होते, डेपो त्यांच्या ताब्यात होता आणि अंगठा फिरवायची सवय इतकी मुरलेली होती, की घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरूनही तो आधी फिरे, मग ती वाचली जाई.

मी तिथे लिपिक म्हणून लागले त्याच आठवड्यात एका ट्रकवाल्याच्या घाईला भुलून मी माल न पाहता वाहतूक परवाना लिहून टाकला. भाऊंनी भरलेला ट्रक खाली करवला. ट्रकवाला कपाळ बडवत होता. शेवटी एक नग जास्तीचा निघाला. त्यावर भाऊंच्याच हातोड्याची खूण होती, पण यादीत तो नव्हता.

"बाई, आधी लाकूड पाहाजा, मंग पेन उचलजा," ते म्हणाले. "उद्या हा नग कुठी सापडला, तर कोणाले बलावतीन? ट्रकवाल्याले नाई. ज्याचा हातोडा, त्याले."

हे त्यांनी मला शिकवलं, हे लक्षात ठेवा. कारण पुढे जे झालं त्याचा मला आजही संताप येतो, आणि अर्धा संताप त्यांच्यावरच आहे.

त्यांचं दुसरं पालुपद गेटचं होतं. लिलावातला माल ठेकेदाराने उचलला, गेटच्या वहीत नोंद झाली, सही झाली, की जबाबदारी ठेकेदाराची. मग वाटेत ट्रक उलटो की लाकूड भिजो. "गेट पास, विषय खलास," असं म्हणून भाऊ वही मिटत आणि चहा मागवत. तीस-बत्तीस वर्षं हेच ऐकून आणि बोलून ते त्यांच्या अंगात भिनलं होतं.

भाऊंची एक पांढरी व्हॅन होती. तिच्या मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेलं होतं. दसऱ्याला ती माणसं कोंबून दीक्षाभूमीला जाई. एरवी कुणाची बाळंतीण, कुणाचा ताप. निवृत्तीनंतर ते पोंभुर्ण्याला आपल्या गावी गेले. तिथे दोन एकर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यांनी हौसेने घेतल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांचं लाकूड मोजलं, आता स्वतःचं धान पाहणार, म्हणायचे. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि व्हॅन चालवणं बंद झालं. जिवतीकडचा विलास नावाचा, त्यांच्या एका दोस्ताचा भाचा, ती विकत घ्यायला आला. त्याला बाजाराच्या दिवशी सवाऱ्या वाहायच्या होत्या.

त्या दिवशी मी नेमकी त्यांच्याकडे गेले होते. भाऊंनी आरटीओच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, किल्ली आणि गाडीचं पुस्तक विलासच्या हातात दिलं. मग आतून एक जुनी वही आणली आणि गेटवर लिहीत तशी नोंद लिहिली. तारीख, वेळ, किलोमीटर, चारही टायरांची हालत, जॅक एक, पाना एक. खाली विलासची सही घेतली. तो गालात हसत होता.

"भाऊ, गाडी त्याच्या नावावर कधी होणार?" मी विचारलं.

"करते ना तो पंधरा दिवसांत."

"गाडी विकली हे तुम्हीच आरटीओत जाऊन कळवा. तसा नियम आहे म्हणतात."

"मी काऊन जाऊ? गाडी फाटकाभाईर गेली, सही झाली. गेट पास, विषय खलास."

मी वाद घालायला हवा होता. वहिनींनी पोह्यांची बशी पुढे केली आणि मी खायला लागले.

विलासने गाडी नावावर केली नाही. दर महिन्याला भाऊ फोन करत, दर महिन्याला तो "पुढच्या आठवड्यात" म्हणे. भाऊंच्या नावाचा विमा संपला, त्याने नवा काढला नाही. आणि एक दिवस जिवतीच्या घाटात त्या व्हॅनने रस्त्यावर गिट्टी टाकणाऱ्या एका मजुराला उडवलं. माणूस वाचला, पण उजवा पाय गेला.

पोलिसांनी गाडी जमा केली आणि ती सोडवायला मालकाला, म्हणजे भाऊंना बोलावलं. इथे तरी त्यांनी हात झटकावेत की नाही? विलास बायकोपोरांना घेऊन पाया पडला. केस मिटली की लगेच नावावर करतो म्हणाला. भाऊ विरघळले आणि सही करून, गाडी सोडवून पुन्हा त्याच्याच हातात देऊन आले. मला कळलं तेव्हा मी फोनवर इतकी ओरडले, की शेजारच्या टेबलावरचे साहेब उठून बाहेर गेले.

"त्याचं पोट हाये त्या गाडीवर," भाऊ म्हणाले. "मी का उचलून घरी आणू तिले?"

मग भरपाईच्या दाव्याची नोटीस आली. भाऊ ती गेटची वही घेऊन चंद्रपूरला गेले. मीही गेले. कोर्टात त्यांनी वही उघडून दाखवली, टायरांपासून पान्यापर्यंत. वही कुणी खोटी म्हणालं नाही. पण निकाल आला, सरकारी नोंदीत नाव ज्याचं, मालक तो, आणि भरपाईला तोही बांधील. विलासजवळ देण्यासारखं काही नव्हतं. राहता राहिले भाऊ आणि भाऊंच्या बांध्या.

वकील म्हणाले, अपील करू, चार-पाच वर्षं सहज निघतील. मीही तेच म्हणत होते. भाऊ कोर्टाबाहेरच्या बाकावर बसले होते. वहीच्या पुठ्ठ्यावरून त्यांचा अंगठा फिरत होता.

"त्या पोराचा पाय गेला, बाई. तो चार वर्षं काय खाईन?"

"पण तुमची काय चूक?"

"पहिल्या आठवड्यात तुले काय सांगतलं होतं मी? ज्याचा हातोडा, त्याले बलावतीन." त्यांनी वही मांडीवर ठेवली. "नंबर माझ्या नावाचा होता. मी गेट पाह्यलं, हातोडा नाई पाह्यला. मीच भुललो ना."

मला त्या क्षणी रडू आलं आणि रागही आला. एवढं स्वच्छ दिसत होतं, तर ते दोन वर्षं आधी का नाही दिसलं? त्यांनी बांध्या विकल्या. त्या मजुराच्या घरी स्वतः जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. नंतर विलासला फोन करणंही सोडून दिलं. पुढच्या वर्षी साध्या न्यूमोनियाने गेले. मनासारखं धान पाहायचं राहूनच गेलं.

ते जाऊन तीन महिने झाले असतील. वहिनींचा फोन आला. "ताई, यांच्या नावानं काही आलं हाये. मले वाचून द्या ना."

मी गेले. भाऊंच्या नावाचं चलान होतं. सीट बेल्ट न लावता गाडी चालवल्याचं. सोबत पुढून आणि मागून काढलेले फोटो होते. सवाऱ्यांनी भरलेली पांढरी व्हॅन, ठळक नंबर, मागच्या काचेवर निळी अक्षरं. मी चौकशी केली. उत्तर मिळालं, मूळ मालक मयत आहे, तर आधी गाडी वारसाच्या नावावर करा, मग विकत घेणाऱ्याच्या. म्हणजे जी गाडी विकण्यापायी बांध्या गेल्या, ती आता वहिनींनी आपल्या नावावर करून घ्यायची होती. मी बोलत होते आणि माझा आवाज चढत होता.

वहिनी शांत होत्या. त्यांनी मागून काढलेला फोटो हातात घेतला. निळ्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, अगदी भाऊंसारखा.

"म्हणजे ताई, गाडी अजून यांचीच हाये?"

"हो वहिनी," मी म्हणाले. "अजून भाऊंचीच आहे."